पुढचे पाय पॅडवर, मागचे फरशीवर: लहान पिल्लाला घरातल्या पॅडची सवय कशी लावावी?

अबोली

आठ आठवड्यांचे पिल्लू घरी येऊन आज नऊ दिवस झाले. त्याचे नाव गुंडू. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला खाली जमिनीवर सोडू नका, असे पशुवैद्यांनी बजावले आहे आणि आम्ही राहतो सातव्या मजल्यावर, त्यामुळे घरातच लघवी-शीसाठी शोषक पॅड अंथरून सवय लावण्यावाचून गत्यंतर नाही. सध्या दोन पॅड आहेत, एक स्वयंपाकघराच्या दाराशी आणि दुसरे बैठकीच्या खोलीत, बाल्कनीच्या काचेजवळ.

पॅड कशासाठी आहे हे गुंडूला उमगले असावे, कारण तो धावत तिकडे जातो, हुंगतो, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतो, पुढचे दोन्ही पाय पॅडवर नीट रोवतो आणि लघवी मात्र फरशीवर करतो, कारण मागचा अर्धा गुंडू पॅडच्या बाहेरच राहिलेला असतो. वर माझ्याकडे असा पाहतो, की काढा आता बक्षीस. हे झाले चांगल्या वेळचे. एरवी तो पॅडवर गाढ झोपतो, उठतो, चार पावले चालत न्हाणीघराबाहेरच्या पायपुसण्यावर जातो आणि कार्यभाग तिथे उरकतो. काल तर त्याने पॅडचे एक टोक फाडून आतला कापूस खोलीभर पसरला.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अर्धा पॅडवर असताना केले तर शाबासकी द्यावी की नाही? पायपुसण्याचे हे वेड कसे सोडवावे? आणि पुढे बाहेर न्यायची वेळ येईल तेव्हा ही पॅडची सवय आडवी येते का?

तिरपागडा

अर्धा गुंडू पॅडवर आहे, म्हणजे निम्मे काम झालेच आहे. उरलेल्या अर्ध्या गुंडूशी वेगळी बोलणी करावी लागतील.

सुगरण_पक्षी

अबोलीताई, शाबासकी जरूर द्या, कारण त्याच्या बाजूने त्याने काही चुकवलेले नाही. पिल्लाला जागा कळते ती नाकाने आणि पुढच्या पायांना लागणाऱ्या स्पर्शाने. पुढचे पाय मऊ कागदी स्पर्शावर पोहोचले, म्हणजे आपण पोहोचलो, असा त्याचा प्रामाणिक समज असतो. आपला मागचा भाग नेमका कुठे आहे, याचे भान त्या वयात फारसे नसते. चूक पॅडच्या मापाची आहे. चार पॅड कडा एकमेकांवर चढवून चिकटपट्टीने जोडा आणि पिल्लाच्या दृष्टीने मैदान वाटावे एवढा मोठा चौक करा. त्याच्या गिरक्या आत मावल्या पाहिजेत. तो बरोबर मध्यभागी बसू लागला, की बाहेरून एकेक पॅड कमी करत जा. आमच्याकडे नऊ आठवड्यांच्या पिल्लाला चार पॅडवरून एकावर यायला साधारण महिना लागला होता.

दुसरे असे, की पॅड दोन ठिकाणी ठेवू नका. एकच जागा ठरवा आणि ती बाल्कनीच्या काचेजवळची ठरवा, कारण स्वयंपाकघराच्या दारात माणसांची सारखी ये-जा असते आणि पिल्लालाही थोडा एकांत लागतो. त्या जागेभोवती घडीचे कुंपण लावता आले तर उत्तम. कुंपणाच्या एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला पॅड. तो पॅडवर झोपतो याचा अर्थ त्याला घरातली सर्वांत मऊ जागा तीच सापडली आहे. त्याला पॅडहून मऊ अंथरूण द्या, म्हणजे पॅडवरचा मुक्काम आपोआप हलेल.

पायपुसण्यावर मात्र उपदेश चालत नाही. सवय लागेपर्यंत घरातली सगळी पायपुसणी, सतरंज्या आणि छोटे गालिचे गुंडाळून कपाटात टाका. मऊ, चौकोनी आणि जमिनीवर पसरलेली वस्तू हीच जर पॅडची व्याख्या असेल, तर पायपुसणे त्या व्याख्येत तंतोतंत बसते.

वाटाड्या

मी चौथे कुत्रे सांभाळतो आहे आणि माझे मत स्पष्ट आहे, की पॅड ही पिल्लाची नव्हे तर माणसाची सोय आहे. तुम्ही त्याला पहिले दोन-तीन महिने शिकवणार, की घरात, छपराखाली, मऊ वस्तूवर लघवी करणे हे फार उत्तम काम आहे आणि त्यासाठी खाऊ मिळतो. मग एके दिवशी तुम्हीच सांगणार, की आजपासून ते पाप आहे. एकच गोष्ट दोनदा शिकवायची आणि पहिली विसरायला लावायची, यापेक्षा पहिल्या दिवसापासून दर तासाला उचलून बाहेर नेणे कमी कष्टाचे असते. माझ्या दुसऱ्या कुत्रीला पॅडची सवय लावली होती. ती दीड वर्षाची झाली तरी बाहेर तासभर हिंडून यायची, दार उघडताच पळत जायची आणि पूर्वी जिथे पॅड असायचे त्या रिकाम्या फरशीवर मोकळी व्हायची.

अबोली

वाटाड्याकाका, तुमचा मुद्दा पटतो, पण लसीकरणाचे काय करायचे? दर तासाला सात मजले उतरले तरी खाली जमिनीवर ठेवायची परवानगीच नाही. सुगरणताई, चार पॅड आजच जोडते. पायपुसणी कपाटात गेली आहेत आणि घरातले सगळे ओल्या पायांनी हिंडत मला दूषणे देत आहेत.

श्वानसखा

मी व्यवसायाने पशुवैद्य आहे, म्हणून लसीकरणाविषयी थोडे लिहितो. पिल्लाला आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सुरुवातीला लसीचे काम अडवतात आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस दिल्यावर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा देत जातात आणि शेवटची मात्रा सोळा आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर देतात. यात सर्वांत मोठी भीती पार्व्होची. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. तो मातीत कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे जमीन स्वच्छ दिसते म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. ज्यांच्याकडे स्वतःचे बंदिस्त अंगण आहे आणि तिथे अनोळखी कुत्री येत नाहीत, त्यांनी वाटाड्या म्हणतात तसे पहिल्या दिवसापासून बाहेर न्यावे. सातव्या मजल्यावर राहणाऱ्याला पॅड ही चैन नव्हे.

मात्र 'खाली सोडू नका' याचा अर्थ 'घरात कोंडून ठेवा' असा घेऊ नका. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा ते चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ हा पिल्लाने जग ओळखण्याचा असतो. त्याला कडेवर घेऊन रोज खाली जा. वाहने, माणसे, आवाज, पाऊस हे सगळे त्याला कडेवरून दिसू द्या. पुढे बाहेर लघवीला नेताना याचा फार उपयोग होतो, कारण घाबरलेले पिल्लू बाहेर काहीच करत नाही, ते घरी येईपर्यंत धरून ठेवते.

आता सवयीविषयी. जन्मल्यानंतर सुमारे तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवी-शी करता येत नाही, आई चाटून ती करवते आणि साफही करते. त्यानंतर पिल्लू झोपायच्या जागेपासून दूर जाऊ लागते आणि आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पायाखाली कसला स्पर्श असला म्हणजे मोकळे व्हायचे, याची त्याची आवड पक्की होऊ लागते. अबोली, तुमच्याकडे येण्यापूर्वी गुंडू कशावर वाढला, हे आधीच्या मालकांना विचारा. तो कापडाच्या चिंध्यांवर किंवा जुन्या टॉवेलांवर वाढला असेल, तर पायपुसण्याचे कोडे तिथेच सुटेल.

दिवसा जागेपणी आठ-नऊ आठवड्यांच्या पिल्लाला दर अर्ध्या-पाऊण तासाने पॅडवर नेणे योग्य. 'वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास' असे धरून ठेवण्याच्या क्षमतेचे एक ढोबळ माप सांगतात, पण ती कमाल मर्यादा झाली आणि तीही शांत पडून असताना. पिल्लू खेळत असेल तर हे गणित कोलमडते. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत आणि खेळ थांबला की तत्काळ, या तीन वेळा चुकवू नका. पोट भरले की आतडी हलू लागतात, त्यामुळे खाण्याच्या वेळा ठरलेल्या असल्या तर शीच्या वेळाही ठरतात.

मध्यरात्र

डॉक्टरांनी दिवसाचे सांगितले, मी माझ्या नावाला जागून रात्रीचे सांगते. पहिले काही आठवडे मी रात्री दोनदा गजर लावत असे. पिल्लू रडायला लागल्यावर उठलो तर रडले की माणसे येतात हे ते शिकते, म्हणून ते रडायच्या थोडे आधी उठायचे. मोठा दिवा लावायचा नाही, लाड करायचे नाहीत, बोलायचे तेही एकच ठरलेला शब्द, आणि पॅडवरून थेट अंथरुणात. एकदा मला दया आली आणि मी रात्री तीन वाजता तिच्याशी चेंडू खेळले. त्यानंतर सलग पाच रात्री ती बरोबर तीनला चेंडू तोंडात धरून माझ्या उशाशी उभी होती.

आणखी एक सांगायचे आहे. आमच्या पिल्लाला पॅडची सवय दोन आठवड्यांत छान लागली आणि मग अचानक सगळे बिघडले. दर दहा मिनिटांनी चार थेंब, मिळेल तिथे. घरात सर्वांचे मत पडले, की ती मुद्दाम करते आहे. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत ती पूर्ववत झाली, पण त्याआधी आम्ही तिला जे रागावलो ते मला अजून खुपते.

श्वानसखा

हे महत्त्वाचे आहे. सारखी थोडी थोडी लघवी, करताना कुंथणे, रक्ताची छटा, ती जागा सतत चाटणे किंवा झोपेत अंथरूण ओले होणे, यांपैकी काहीही दिसले तर आधी तपासणी आणि मग शिकवणी. त्याचबरोबर, कोणी घरात आले किंवा अंगावर वाकले की जे पिल्लू जागच्या जागी पाझरते, ते पॅड विसरलेले नसते. ती भीती किंवा आनंद अनावर झाल्याची खूण आहे. अशा वेळी रागावले तर ते वाढते. दुर्लक्ष करावे, खाली बसून हळू आवाजात भेटावे. बहुतेक पिल्ले वाढत्या वयात त्यातून बाहेर पडतात.

आजोबा_ऑनलाइन

आमच्या काळी हे पॅड वगैरे नव्हते. रद्दीचे वर्तमानपत्र अंथरायचे आणि पिल्लाने भलतीकडे घाण केली, तर मान धरून नाक त्यात घासायचे. तीन दिवसांत शहाणे होत असे. चूक केल्यावर त्याला चांगले कळत असे, कान पाडून कोपऱ्यात जाऊन बसायचे.

शब्दशः

आजोबा, वर्तमानपत्राला माझा विरोध नाही, नाक घासण्याला मात्र जोरदार आहे. कान पाडून बसणे म्हणजे अपराधाची जाणीव, हा समज कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तपासला होता. चौदा कुत्र्यांना खाऊ दाखवून 'घ्यायचा नाही' असे बजावले जाई आणि मालक खोलीबाहेर जात. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे त्यांना सांगितले जाई, पण काही वेळा मुद्दाम खोटे. 'अपराधी चेहरा' दिसण्याचा संबंध कुत्र्याने खाल्ले होते की नव्हते याच्याशी नव्हता, मालक रागावला की नाही याच्याशी होता. तुमचे पिल्लू कोपऱ्यात बसत होते ते तुमचा आवाज ऐकून. त्यातून ते एवढेच शिकले, की ओल्या फरशीजवळ माणूस उभा असेल तर माणूस धोकादायक असतो. पुढे अशी पिल्ले माणसासमोर लघवीच करत नाहीत, सोफ्यामागे जाऊन करतात, आणि मग पॅडवर नेऊन कितीही वेळ उभे राहा, ती नुसती तोंडाकडे पाहत राहतात.

आजोबा_ऑनलाइन

सोफ्यामागे जात असे, हे खरे आहे. त्याला आम्ही लबाडी समजत होतो. आणि मोठेपणी त्याने वर्तमानपत्र कधी सोडले नाही, सकाळचे ताजे अंक मला उंच फळीवर ठेवावे लागत.

मांजरप्रेमी

मातीचा ट्रे दाखवला, मांजर गेले, वर माती ओढून परत आले. धागा समाप्त. आपण चालू द्या.

रसायन

पॅड फाडण्याचा उल्लेख वर कोणी पुढे नेला नाही, म्हणून लिहितो. पॅडमध्ये वर न विणलेल्या धाग्यांचा पातळ पापुद्रा असतो, मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात मिसळलेले सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे, आणि तळाशी पाणी न झिरपणारा प्लॅस्टिकचा थर. हे दाणे शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषू शकतात. लघवीत क्षार असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून खूप कमी शोषले जाते, तरी फुगणे चांगलेच असते. पिल्लाने एखादा कपटा गिळला तर सहसा तो बाहेर पडतो, पण मोठा तुकडा गेला असेल आणि पाठोपाठ उलट्या, पोट फुगणे किंवा शी बंद होणे असे काही दिसले, तर थांबू नका, दवाखाना गाठा. फाडणाऱ्या पिल्लासाठी जाळीचे झाकण असलेला ट्रे मिळतो, त्यात पॅड खाली आणि जाळी वर असते. कडा असल्यामुळे मागचा अर्धा गुंडूही आत राहील.

दुसरा विषय सफाईचा. आधी कोरडे फडके दाबून टिपून घ्या, घासू नका, घासले की डाग पसरतो आणि खोल जातो. मग एन्झाइमयुक्त क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ ती जागा ओली राहू द्या. बहुतेक लोक फवारतात आणि लगेच पुसून घेतात, मग क्लीनर निकामी असल्याची तक्रार करतात. त्याच जागेवर आधी तीव्र जंतुनाशक ओतले असेल, तर त्या एन्झाइमचेही काम बिघडू शकते. अमोनियाच्या वासाची द्रावणे टाळा, कारण लघवीतील युरियापासूनही अमोनियाच तयार होतो आणि पिल्लाच्या नाकाला ते आमंत्रण वाटू शकते. ब्लीच तर ताज्या लघवीवर ओतूच नका, त्यातून श्वासाला घातक वायू निघतात.

जाता जाता सांगतो. क्लीनरच्या जाहिरातींत 'युरिक आम्लाच्या स्फटिकांचा' जो बागुलबुवा असतो, तो कुत्र्यांच्या बाबतीत फारसा खरा नाही. बहुतेक कुत्र्यांचे शरीर युरिक आम्लाचे सहज विरघळणाऱ्या अॅलँटॉइनमध्ये रूपांतर करते. याला ठळक अपवाद डाल्मेशियन जातीचा.

चुंबक

पॅडची दिशा कोणी विचारलीच नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 37 जातींच्या 70 कुत्र्यांची 1,893 वेळा शी आणि 5,582 वेळा लघवी नोंदवली होती. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्री उत्तर-दक्षिण रेषेत बसणे पसंत करतात, असा निष्कर्ष निघाला. त्याला 2014 चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे गमतीचे पारितोषिक, मिळाले. तेव्हा अबोलीताई, गुंडू पॅडवर आडवा येत असेल तर पॅड नव्वद अंशांत फिरवून पाहा.

तिरपागडा

आमच्याकडे कुत्र्याला आधी होकायंत्र घेऊन द्यावे लागेल, त्याला स्वतःचे शेपूटही एका फेरीत सापडत नाही.

वाटाड्या

तो अभ्यास मोकळ्या मैदानातला होता ना? भिंती, फर्निचर आणि विजेच्या तारांच्या गराड्यात कसले चुंबक घेऊन बसलात.

प्रशासक

दिशाशास्त्रासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती. येथे पॅडविषयी लिहावे.

नवपालक

धुता येणारी कापडी पॅड कोणी वापरली आहेत का? रोज तीन-चार पॅड कचऱ्यात टाकणे मनाला बरे वाटत नाही.

सुगरण_पक्षी

मी वापरली आहेत. कचरा वाचतो हे खरे, फाडणेही कमी होते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. धुताना कपडे मऊ करणारे द्रावण घालू नका, त्याने शोषण्याची ताकद जाते. आणि कापडी पॅडचा स्पर्श टॉवेल, चादर व गालिच्याच्या फार जवळचा असतो, त्यामुळे गुंडूसारख्या पायपुसणेप्रेमी पिल्लासाठी मी सुरुवातीला कागदी पॅडच सुचवेन. आणि हो, कोणतेही पॅड बदलताना जुन्याचा छोटा ओला तुकडा नव्या पॅडखाली ठेवा. आपल्याला तो वास जाणवतही नाही, त्याला पत्ता कळतो.

अबोली (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार, आता हिशेब देते. आधीच्या मालकांना फोन केला होता. डॉक्टरांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, पिल्ले जुन्या टॉवेलांवर वाढली होती.

मी शीतकपाटावर एक कागद चिकटवला आणि प्रत्येक वेळ लिहिली: कधी खाल्ले, कधी झोपला, कधी केले, कुठे केले. पहिल्या आठवड्यात पॅडबाहेरचे सतरा प्रकार झाले. गुंडूला समजत नाही अशी माझी पक्की समजूत होती, पण कागद वेगळेच सांगत होता. सतरापैकी अकरा वेळा तो खेळ संपल्यानंतरच्या दहा मिनिटांत चुकला होता, आणि त्या अकरापैकी नऊ वेळा मी फोनवर होते. खेळताना तो मध्येच थबकतो, नाक जमिनीला लावतो, शेपटी जरा ताठ करतो आणि खोलीच्या कडेकडेने चालू लागतो. हे सगळे पाच-सहा सेकंदांत घडते आणि मी तेव्हा फोनवर कोणाला तरी 'हो, हो' म्हणत असते. दुसऱ्या आठवड्यापासून खेळ संपवून फोन घ्यायचा असेल तर आधी गुंडू पॅडवर, मग फोन. त्या आठवड्यात प्रकार सहा झाले, तिसऱ्यात दोन. त्या दोनपैकी एक इस्त्रीसाठी घडी घालून जमिनीवर ठेवलेल्या पांढऱ्या चादरीवर झाला, आणि त्याच्या दृष्टीने ते मोठ्या मापाचे पॅड होते, हे मी मान्य करते.

चार पॅडचा चौक आता दोनांवर आला आहे. बक्षीस लगेच, तो पॅडवरून उतरण्याआधीच देते. पूर्वी मी डबा आणायला स्वयंपाकघरात जायचे, तो माझ्या मागे यायचा आणि बक्षीस मिळायचे डब्यापाशी आल्याबद्दल. आता दाणे खिशातच असतात.

वाटाड्या

कागदाची युक्ती आवडली. माझे मत मात्र राखून ठेवतो. खरी परीक्षा पुढे आहे.

अबोली (आणखी दोन महिन्यांनंतर)

वाटाड्याकाका, तुम्ही जिंकलात. लसीकरण पूर्ण झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली, गेले चार दिवस गुंडूला खाली नेते आहे. काल सकाळी आम्ही चाळीस मिनिटे गवतात उभे होतो. त्याने प्रत्येक झाड हुंगले, पान चघळले, सगळ्यांना भेटला. केले काहीच नाही. वर आलो, पट्टा काढला, तो तीरासारखा बाल्कनीच्या काचेजवळ गेला आणि पॅडच्या बरोबर मध्यभागी, इतकी मोठी लघवी केली की मला त्याच्या सहनशक्तीचे कौतुक वाटले. आता काय करू?

वाटाड्या

जिंकल्याचा आनंद नाही, माझ्या कुत्रीचेही असेच व्हायचे. पॅड आजच उचलून टाका, असे म्हणणार होतो, पण आमच्याकडे तेच केले आणि रिकाम्या फरशीवर दीड वर्ष काढले, म्हणून गप्प बसतो.

श्वानसखा

त्याच्यासाठी पॅड हे स्वच्छतागृह आणि गवत हे मनोरंजन आहे, एवढाच याचा अर्थ. पॅड एकदम काढू नका. घरातले पॅड रोज वीतभर दाराच्या दिशेने सरकवा. तो चुकला तर एक दिवस मागे या. दुसऱ्या बाजूने सकाळची पहिली खेप पकडा, कारण रात्रभराची लघवी साठलेली असते. उठल्याबरोबर कडेवर घेऊन थेट खाली जा, वाटेत जमिनीवर ठेवू नका. सोबत आदल्या दिवसाचे वापरलेले पॅड घ्या आणि मातीवर अंथरा. पॅडवर नेताना जो ठरलेला शब्द म्हणत होता तोच म्हणा. पट्टा आखूड धरून एकाच जागी उभ्या राहा, हिंडवू नका. दहा मिनिटांत झाले नाही तर वर या, पण मोकळे सोडू नका. मांडीवर किंवा पट्ट्याला धरून ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा खाली न्या. झाले, की लगेच वर आणू नका. लघवी केली की फेरफटका संपतो असे त्याच्या लक्षात आले, तर तो धरून ठेवायला शिकेल. हिंडणे हे केल्यानंतरचे बक्षीस असू द्या.

मध्यरात्र

शेवटचा मुद्दा अधोरेखित करावासा वाटतो. आमच्याकडे हेच चुकले होते. केले की घाईने वर आणायचो, आणि तिने ते बरोबर हेरले.

अबोली (सहा दिवसांनंतर)

पाच सकाळी काही झाले नाही. वापरलेले पॅड पिशवीत घालून लिफ्टमधून उतरताना शेजाऱ्यांच्या नजरा चुकवायला मात्र शिकले. आज सहाव्या सकाळी पॅड मातीवर अंथरले, शब्द म्हटला आणि पट्टा आखूड धरून उभी राहिले. गुंडूने हुंगले, दोन गिरक्या घेतल्या, पुढचे दोन्ही पाय पॅडवर नीट रोवले आणि लघवी मातीवर केली, कारण मागचा अर्धा गुंडू पॅडच्या बाहेर होता. मी खिशातला दाणा तिथल्या तिथे दिला आणि नंतर आम्ही अर्धा तास हिंडलो.

आता एकच शंका. उद्यापासून पॅड अर्धे कापून न्यावे का?

तिरपागडा

बोलणी अखेर यशस्वी झाली म्हणायची.

रसायन

कापू नका, आतले दाणे मातीभर सांडतील आणि तो ते चाटेल. दुमडून न्या. दोन दिवसांनी आणखी एक घडी घाला.